समोरच्या दारची दुरडी

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजी, आपल्या गावात कधी लढाई झाली होती का?" तिला शाळेत इतिहासातल्या भांडणांवर लिहून न्यायचं होतं. राजाविरुद्ध प्रजा, एका पंथाविरुद्ध दुसरा पंथ असं बरंच तिने जमवलं होतं, पण शेवटी स्वतःच्या घराण्यातलं एक उदाहरण हवं होतं. मी "नाही गं बाळा" म्हटलं आणि त्या दिवशी भाजी काय केली ते सांगत बसले. फोन ठेवल्यावर वाटलं, हे काही खरं उत्तर नव्हे. तलवारी नव्हत्या, एवढंच. म्हणून हे लिहिते आहे. बाबाला मोठ्याने वाचायला सांगा. गावची बोली आली की ती तशीच म्हणायला लावा, त्याला चांगली येते.

आपल्या घरासमोर गल्लीपलीकडे निळ्या दाराचं घर आहे, ते तुम्ही पाहिलेलं आहे. तिथे माझी मैत्रीण राहत असे. मी सांगलीत वाढलेली, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. लग्न होऊन इथे आले तेव्हा भाकरी थापता येत नव्हती. ती म्हसवडकडची, दुष्काळी भागातली. माझी पहिली भाकरी तव्यावर पडली तेव्हा ती हसून हसून भिंतीला टेकली होती. "बाई, ही भाकरी हाय का नकाशा?" मी हायस्कूलला शिकवत असल्यामुळे सगळं गाव मला बाई म्हणायचं, तीही. पुढे कितीतरी वर्षं दुपारी शाळा सुटली की मी तिच्या पायरीवर बसून शेंगा फोडत असे. ती बोलायची, मी ऐकायची. आजोबा तेव्हा पलटणीत होते, वर्षातून एकदा घरी यायचे. त्या पायरीमुळे माझे ते दिवस निभावले.

मग साखर कारखान्याची निवडणूक आली. आजोबा सुभेदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले होते. त्यांचा चुलतभाऊ एका पॅनेलमधून उभा राहिला, तिच्या नवऱ्याचा मामा दुसऱ्या. दोघेही पडले असते तर बरं झालं असतं. आमचा पडला. निकालाच्या दुपारी त्यांची मिरवणूक आपल्या दारासमोर थांबली आणि हलगी इतका वेळ वाजली की तुमच्या बाबाने कानात बोळे घातले. ओटाभर गुलाल. आजोबा आत खुर्चीवर ताठ बसून राहिले. पुढच्या निवडणुकीत आमचे निवडून आले, आणि आमच्या पोरांनी तीच हलगी तिच्या दारात वाजवली. तिला खिडकी लावून घेताना मी पाहिलं.

त्यानंतर गाव मधोमध फाटलं. दुधाच्या डेअऱ्या दोन झाल्या, सोसायट्या दोन, गणपती दोन. आमच्या पार्टीच्या बायका त्यांच्या पार्टीच्या गिरणीत दळण नेईनात. लग्नाच्या पत्रिका गल्ली ओलांडेनात. आम्हा दोघींना कुणी "बोलू नका" असं सांगितलं नाही. पण मी तिच्या पायरीवर बसले असते तर आजोबांना पारावर ऐकावं लागलं असतं, आणि तिच्या नवऱ्याला त्याच्या डेअरीत. आधी बोलणं कमी झालं, मग बघणं. ती अंगण झाडायला आली की मी आत जायची. मी तुळशीला पाणी घालायला आले की ती आत. इतकं जुळून यायचं की जणू आम्ही ठरवून घेतलं होतं.

थोरली लहान असताना सुट्टीत आली होती, तेव्हा तिने विचारलं होतं, "ती आजी आपल्याकडे सारखी का बघते?" मी तिला आत बोलावलं आणि लाडू दिला.

आजोबा गेले त्या दिवशी आपल्या घरी चूल पेटली नाही. अशा घरी शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. आपल्या पार्टीच्या घरांतून पुष्कळ आलं होतं. मी आत बायकांमध्ये बसले होते आणि मला खिडकीतून गल्ली दिसत होती. निळं दार उघडलं. ती झाकलेली दुरडी घेऊन बाहेर आली आणि निम्म्या गल्लीपर्यंत आली. आपल्या दारातल्या माणसांपैकी एकजण म्हणाला, "काकू, हिकडची समदी सोय झालीया. माघारी न्या." ती क्षणभर उभी राहिली. मग वळली. माझ्या दोन्ही बाजूंना बायका होत्या, मी उठले नाही.

मध्ये बरीच वर्षं गेली. गेल्या वर्षी एसटी स्टँडजवळ मोठा फ्लेक्स लागला. त्यावर दोन्ही पार्ट्यांचे नेते शेजारी शेजारी, हात जोडून हसत होते. त्यांचं आपापसात जुळलं होतं. मी औषधं आणायला गेले होते. चहाच्या टपरीवर एकजण म्हणत होता, "आता शिव्या कुणाला द्यायच्या रं?"

"दोघास्नीबी द्या की. आता काय, स्वस्तात पडंल."

सगळे हसले, मीसुद्धा. घरी येताना वाटलं, आता बोलायला हरकत नाही. पण त्यांचं जुळलं म्हणून आपण बोलायचं, हे मनाला लागलं. तिलाही लागलं असावं. तीही आली नाही. आम्ही पूर्वीसारख्याच एकमेकींना टाळून अंगणात येत राहिलो.

मग तिचे मालक गेले. सकाळीच कळलं. मी ज्वारीचं पीठ काढलं आणि भाकरी थापायला बसले. एकटीसाठी मी पोळीच करते, त्यामुळे हात बसत नव्हता. पिठलं केलं, दुरडीत ठेवलं, वर फडकं टाकलं. समोर दोन्ही पार्टीची माणसं बसली होती. मी निम्म्या गल्लीत आले आणि पाय अडले. तेवढ्यात एक म्हातारा म्हणाला, "बाई आल्या, वाट द्या रं."

ती भिंतीला टेकून बसली होती. केस पांढरे झाले होते, जवळून पाहिल्यावर कळलं. मी दुरडी पुढे ठेवली. तिने फडकं उचलून भाकरी हातात घेतली.

"तुमीच केली?"

"हो."

"कडंला कच्ची हाय अजून," ती म्हणाली, आणि खाल्ली.

तेराव्यापर्यंत मी रोज दुपारी गेले. मधल्या वर्षांबद्दल आम्ही काही बोललो नाही. तिच्या गुडघ्यांबद्दल बोललो, माझ्या मोतीबिंदूबद्दल, तुमच्याबद्दल. एकदाच, शेंगा फोडता फोडता, वर न बघता तिने विचारलं, "तवा माजी दुरडी माघारी धाडली, ते तुमास्नी कळलं हुतं का?"

"खिडकीतून दिसलं होतं."

तिने हातातली शेंग खाली ठेवली. "मग बरं झालं. मला इतकी वर्सं वाटायचं, बाईंना वाटत आसंल, मी आलेच न्हाई."

तिने ठेवलेली शेंग मी उचलून फोडली. मग विचारलं, "त्या पिठल्याचं काय केलंस?"

"काय करणार? आमीच खाल्लं. ह्यांनीबी खाल्लं. म्हणले, वाढ, सुभेदाराच्या नावानं."

तेरावं झालं आणि मुलगा तिला पुण्याला घेऊन गेला. ते बरोबरच होतं, ती इथे एकटी कशी राहणार? म्हैस विकली, निळ्या दाराला कुलूप लागलं. कधी कधी तिचा फोन येतो. "तितं समोर कोण हाय?" मी विचारते, तिच्याच बोलीत.

"दार हाय. कायम बंद. कुठल्या पार्टीचं हाय, ते बी कळत न्हाई."

मी शाळेत गरज पडली तर इतिहासही शिकवायची. लढाईची कारणे लिहा, परिणाम लिहा, असे प्रश्न मीच काढत असे. धाकटे, तुझ्यासाठी काल वही घेऊन बसले. कारणांखाली कारखाना लिहिला आणि पुढे सुचलं नाही. परिणाम तू तुझ्या शाळेतल्या बाईंना कसे सांगशील ते मला माहीत नाही. मला माहीत आहेत ते एवढेच: अजूनही संध्याकाळी तुळशीला पाणी घालायच्या आधी मी खिडकीतून बघते, समोरचं दार बंद आहे ना. बंदच असतं. मग मी बाहेर जाते.