अहिल्याबाई घाटावरची समाधी

कोरोनाच्या दिवसांत आम्हा नर्सेसचे पाय असे सुजायचे की हत्तिणीने वहिनी म्हणून हाक मारावी. एकदा रात्रपाळी संपवून, दवाखान्यातच आंघोळ करून, भगवी शाल पांघरून मी घरी निघाले. अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्या त्या सकाळी हिमालयाएवढ्या वाढल्या होत्या. जरा टेकले, ती ताठ बसल्या बसल्याच झोपले.

जाग आली तेव्हा पुढ्यात झेंडूची फुलं होती आणि मास्क लावलेली एक अनोळखी बाई माझा उजवा पाय चेपत होती. "शोर मत करो जी," ती नवऱ्याला दटावत होती, "माताजी समाधी में हैं."

खरं सांगायला मी तोंड उघडलंही. तेवढ्यात तिच्या अंगठ्याने पोटरीतली गाठ नेमकी पकडली. मी डोळे पुन्हा मिटले आणि जमेल तितक्या गंभीर आवाजात म्हणाले, "बेटी, दूसरा भी."