काचेवर राहिलेलं पान

अगं बये, फोन जरा कानाशी धर आणि ऐक. घराचे कागद कुणी फ्रिजवर, भाजीच्या पिशवीत ठेवतं का? हसू नकोस. तुझी आई असले तरी मीही काही तुझ्याहून शहाणी नाही.

परवा खरेदीखताच्या झेरॉक्स काढायला पेठेतल्या त्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. तिथला माणूस चष्मा कपाळावर सरकवून प्रत्येक कागद उजेडाकडे धरून बघतो, बोलतो मात्र जेमतेम. मी झेरॉक्स कशा छान फाइलला लावल्या! घरी येऊन मूळ कागद मोजले, तर शेवटचं पान नाही. त्यावर आमच्या दोघांच्या सह्या. हे गेल्यापासून त्यांच्या हातचं तेवढंच उरलंय गं. धापा टाकत परत गेले.

“अहो, माझं एक पान…”

“आधी सही करा,” म्हणत त्यानं कोरा कागद पुढे केला. मग खणातून माझं पान काढून त्यावरची माझी सही या सहीशी ताडून पाहिली.

“हात कापतो हल्ली तुमचा. पण शेवटचा फराटा तोच आहे. घ्या.”

“मी काय चोर दिसते का हो?”

“चोर विसरून जात नाहीत, आजी. लोक झेरॉक्स छातीशी धरून नेतात आणि मूळ माझ्या मशीनच्या काचेवर सोडून जातात.”

तुझंही तेच चाललंय. रोज व्हिडिओ कॉलवर दिसतेस, पण ती झेरॉक्सच की! या रविवारी हडपसरहून स्वतः ये, ती पिशवी घेऊन. कागद आपण दोघी मिळून लावू.