गाडी माझी, सल्ले गावाचे

गाडीचं इंजिन उघडलं की तेल गळतं थेंबथेंब आणि सल्ले गळतात बदाबदा! माझी जुनी व्हॅन नांदुऱ्यात रशीदभाईंच्या गॅरेजात गेली, तेव्हापासून इतके किस्से साचले की आता पोटात मावत नाहीत. सांगूनच टाकते.

मी बाजारोबाजारी साड्या विकते. कधी पिंपळगाव राजा, कधी जळगाव जामोद. गाडी माझी, चालवते मी. आमच्या ह्यांना सायकलच्या पुढे काही येत नाही. व्हॅन धूर ओकायला लागली आणि माझे बाजार बुडायला लागले. बाकी गाडी ठणठणीत, म्हणून इंजिनच नव्यानं बांधून घ्यायचं मी ठरवलं. 'मी' ठरवलं, बरं का!

*

रशीदभाईंनी इंजिन खोललं. मी समोर उभी. तरी विचारलं कुणाला? ह्यांना!

"भाऊ, पिस्टन बदलून टाकू काय?"

ह्यांनी गंभीरपणे मान हलवली. "हाव, टाका."

माझं डोकंच सणकलं. "अहो, पिस्टन कुठं असते, ठाऊक तरी आहे काय तुमाले?"

तर हे वाकून सीटखाली बघायला लागले!

*

मग घरी धाकटे दीर आले. त्यांनी नुकतीच कोरी करकरीत गाडी घेतलेली. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.

"वहिनी, त्या डबड्यात कायले जीव अडकवता? नवी घेऊन टाका ना!"

मी म्हटलं, "भाऊजी, मामंजींचे दोन्ही गुडघे बदलले, तवा काऊन नाई म्हणले, नवे बाबा घेऊन टाकू?"

मामंजी खाटेवर खो खो हसले. दीर चहा न घेताच गेले.

*

इंजिन बसलं. रशीदभाईंची ताकीद होती, "पयले काही दिवस चाळीसच्या वर न्यायची नाई. नवे पार्ट आहेत, बसू द्या त्यायले."

जळगाव जामोदच्या रस्त्यावर मी निमूट चाळीसनं चालले होते. मागून ट्रॅक्टर आला आणि ट्रॉलीसकट पुढे निघून गेला! ट्रॉलीतला एक जण ओरडला, "बाई चालवून राह्यली, म्हणूनच!"

असा संताप आला! पाय शिवशिवत होता. पण अपमान गिळता येतो, इंजिन पुन्हा बांधायचं म्हणजे पुन्हा बाजार बंद. गिळला.

*

सणाआधीचा मोठा बाजार होता. वर्षातला सगळ्यात जास्त माल त्याच दिवशी खपतो. गठ्ठे भरले, मी स्टिअरिंगवर बसले, इंजिन चालू केलं. काय गोड आवाज! हे शेजारी बसले.

तेवढ्यात दीर धावत आले ते थेट ह्यांच्या खिडकीशी.

"दादा, आज तुमची गाडी पायजे होती. म्हशीसाठी ढेपीची पोती आणाची आहेत. माह्या नव्या गाडीत वास बसते."

मी तोंड उघडणार, तोच हे जन्मात पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलले, "मले काय इचारून राह्यला बे? गाडीवालीले इचार."

दीरांनी रस्त्यावर मागे पाहिलं, पुढे पाहिलं.

"कोण गाडीवाली?"