हळदीआधी समुद्रशेवाळ

द्वारका चौकात कोल्हापूरच्या बसमध्ये चढले तेव्हा मी रागात होते, हे आधीच सांगते. पुतणीचं लग्न आठवड्यावर आलेलं. थोरली काकू म्हणून पहिली हळद लावायचा मान माझा. पण वर्षानुवर्षं झेंडू तोडून माझ्या हातांना भेगा पडल्यात, लाल चट्टे उठलेत. हे एकाचं दुसऱ्याला होत नाही, असं डॉक्टरांनी धाकट्या जाऊबाईंसमोर सांगितलं. तरी त्या म्हणाल्या, “ताई, हळद दुसरं कोणी लावील. पाव्हणे बघतील.” मी पिशवी भरली.

मालवणजवळच्या एका वाडीत माझी शाळेतली मैत्रीण सुमन दिलीय. तिच्या सासूबाई, माई, समुद्रशेवाळाचा लेप करतात. डॉक्टरांचं औषध सोडू नको, लेपाने नुसती आग शमते, असं सुमनने फोनवरच बजावलं होतं. कोल्हापुरात गाडी बदलून पोचले, तर पुढ्यात पेज (पातळ, गरम भात) आणि तळलेला बांगडा. मी काट्यांशी झुंजत होते आणि माई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

ओहोटीला आम्ही खडपावर (समुद्रातल्या कातळावर) उतरलो. पहिल्याच पावलाला घसरून मी पाण्यात बसले. समोर हिरवंगार शेवाळ. मग काय, मळ्यातला हात! निंदताना गवत मुळासकट निघालं पाहिजे, हे अंगात मुरलेलं. मी दोन्ही हातांनी उपटत सुटले. माईंनी माझं मनगटच धरलं.

“उपटू नको गो. बूड खडपाक ऱ्हवाक व्हया, तरच परत येतला.” (बूड कातळाला राहायला हवं, तरच परत येईल.)

लग्न तोंडावर, मला हवं पोतंभर, आणि ह्या बाई कात्रीने वरवर कापायला सांगतात, तेही इथलं थोडं, तिथलं थोडं! ओंजळभर जमल्यावर त्यांनी कात्रीही काढून घेतली. मी भांडणारच होते. पण मी उपटलेल्या गुच्छाच्या बुडातून इवले इवले खेकडे सैरावैरा पळत होते. मी तो गुच्छ अलगद पाण्यात ठेवला.

शेवाळ गोड्या पाण्यात धुऊन पाट्यावर वाटलं. आधी कोपराजवळ थोडं लावून बघितलं. काही उठलं नाही तेव्हा हातांवर थापलं. थंड, बुळबुळीत, वास थेट मासळीबाजाराचा. संध्याकाळपर्यंत खाज निवली. चट्टे होते तसेच.

परतीच्या बसमध्ये मी हात पुन्हा पुन्हा बघत होते. चमत्कार झाला नव्हता, आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. सिन्नर मागे पडलं, घर जवळ आलं, तेव्हा मात्र माझं मलाच हसू आलं. खाज जाण्यासाठी समुद्रापर्यंत जाणं ठीक होतं, पण पाव्हण्यांसाठी हात गोरेगोमटे करायला मी का निघाले होते?

हळदीच्या दिवशी जाऊबाई वाटी दुसऱ्या बाईकडे देत होत्या. मी ती मधेच घेतली. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. बघू देत.

“हे हात आहेत म्हणून मांडवाला झेंडू आहे,” एवढंच म्हणाले आणि पुतणीच्या गालाला हळद लावली. ती डोळे मिटून बसली होती. माझा खरखरीत हात तिने लगेच ओळखला.

“काकू,” ती म्हणाली, “अजून लाव ना.”