साहेबांना आवतण

चहा आधी संपवा, मग सांगतो. हा किस्सा ऐकताना तोंडात घोट असला की सदरा खराब होतो. आणि सदरे खराब करण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, ते पुढे कळेलच.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी पुण्याच्या पेठेत वाढलेला, मराठीचा शिक्षक. नेमणूक झाली कुठे, तर बुलढाणा जिल्ह्यात, दुसरबीडला. त्याच एस.टी.तून, माझ्याच शेजारी बसून मालवणचा परब आला. तो इंग्रजीचा. खिडकीची जागा त्याला मिळाली, मला नाही. तिथूनच माझ्या जळण्याला सुरुवात झाली म्हणा.

परबला लाज नावाची गोष्टच नव्हती. दिसेल त्याला विचारायचा, हे काय आणि असं का करता. दिवाळीपर्यंत गडी 'का रे'च्या जागी वऱ्हाडी 'काऊन बे' म्हणायला लागला. पोरं त्याच्या मागे, म्हाताऱ्या त्याला ओट्यावर बसवून भाकर-ठेचा खाऊ घालणार. आणि मला? मला गाव लांबूनच नमस्कार करायचं आणि रस्ता बदलायचं. पावसाळ्यात सरपण पेटायचं नाही, पण मी कायम पेटलेला असायचो.

मी कोणाला काही विचारत नसे. मराठीच्या मास्तराने मराठी मुलखात काय विचारायचं? शिवाय विचारलं की गावभर होणार, आणि परबच्या कानावर जाणार.

अशात शिक्षण खात्याचे नवे साहेब आले. होते इथलेच, सोनाळ्याचे, भरल्या शेतकरी घरातले. त्यांच्या डोक्यात एक वेड होतं. म्हणायचे, भाषा शिकवता म्हणजे नुसतं व्याकरण शिकवता. ती भाषा बोलणारी माणसं वर्गात आणा. त्यांचे सण, त्यांचं जेवण, त्यांची बोलवायची रीत. कोकणातलं पोरांना दाखवा, वऱ्हाडातलं तुम्ही शिका. पण हे शिक्षकांना करून दाखवणार कोण? म्हणून प्रत्येक तालुक्यात एक मार्गदर्शक शिक्षक नेमायचा. त्याने गावोगावच्या शाळांत जाऊन मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजीच्या मास्तरांना मदत करायची.

आमच्या भागातून दोन नावं निघाली. परब आणि मी. दोघांनी एकेक नमुना पाठ घ्यायचा, साहेब स्वतः बघणार. मला त्या पदाचं काही नव्हतं हो. परबला ते मिळू नये, एवढीच माफक इच्छा.

आणि माझ्याकडे हुकमाचं पान होतं.

त्याचं असं झालं होतं, की आदल्या वर्षी, नवा नवा असताना, मी तापाने फणफणून खोलीत पडलो होतो. भिंतीपलीकडे आमचे घरमालक, किसनराव. तिन्हीसांजेला त्यांचा आवाज आला. एरवी हा माणूस बायकोशीही शेतातून हाक मारल्यासारखा बोलायचा. पण त्या दिवशी आवाज लोण्यासारखा मऊ.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी फटीतून बघितलं. समोर कोण ते दिसेना, पण किसनरावांच्या हातात वाटी, वाटीत तूप-हळद. दुसऱ्या दिवशी घरमालकीण काकूंनी माझ्यासाठी पुरणपोळी पाठवली. एकदाच, आयुष्यात एकदाच, मी विचारलं, "काकू, काल आवतण कोणाला होतं?"

"वरीसभर आपल्यासाठी राबते त्याले, गुरुजी."

"आणि ती तूप-हळद?"

"खांद्याले लावाची. भार वाहून वाहून खांदे दुखते नं त्याइचे."

मी गहिवरलो. काय ही संस्कृती. आदल्या दिवशी आवतण, पाहुण्याच्या थकल्या खांद्यांना तूप-हळद, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. ही रीत मी वर्षभर जपून ठेवली. एका शब्दाने कोणाजवळ बोललो नाही. परबने चोरली असती तर?

पाठाचा दिवस उजाडला. वर्गात मुलं, भिंतीकडेने आसपासच्या शाळांचे मास्तर, खिडक्यांत गावकरी. पहिला पाठ परबचा. त्याने शिंपले मांडले, कोळी लोक समुद्राला नारळ देतात ते सांगितलं, आणि मग पोरांनाच विचारलं, "तुमच्याकडे असा मान कोणाला देता?" झालं, हात वर. एक पोरगी उठून पोळ्याचं काहीतरी भरभरून सांगत होती. काय सांगत होती ते मला विचारू नका. माझं सगळं लक्ष साहेबांच्या चेहऱ्यावर. ते हसत होते. मान डोलवत होते. टाळ्या वाजल्या, आणि मीही दोन बोटांनी वाजवल्या.

मग मी उठलो. विषय, आमंत्रणाची रीत. पुण्यातलं आमंत्रण मी दोन वाक्यांत उरकलं, त्याहून मोठं ते नसतंच. मग आवाज चढवला. "आता मी तुम्हाला तुमच्याच मातीतलं सोनं दाखवतो. साहेब, जरा पुढे येता?"

साहेब आले. स्टुलावर बसले. पांढरीशुभ्र खादी अंगात.

मी टेबलाच्या खणातून वाटी काढली. हेडमास्तर वानखडे इथलेच होते. वाटी बघून ते अर्धवट उठले. "मास्तर, अहो मास्तर..." मला वाटलं, भारावलेत.

"वर्षभर आपल्यासाठी राबणारे हे साहेब," मी म्हणालो, "भार वाहून वाहून थकलेले हे खांदे." आणि दोन्ही खांदे चांगले रगडून रगडून मळले. खादी पिवळीधमक झाली. मग समोर उभा राहिलो, हात जोडले, आणि किसनरावांच्या त्याच मऊ आवाजात म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मास्तर मंडळी छताकडे बघतायत. खिडकीत किसनराव होते, त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली. आणि मागच्या बाकावरून कोणीतरी अगदी हळू हंबरलं.

साहेबांनी एकदा डाव्या खांद्याकडे बघितलं, एकदा उजव्या. "मास्तर, हे कोनाले विचारून शिकले तुम्ही?"

"कोणालाही नाही, साहेब," मी छाती काढून म्हणालो. "स्वतः मिळवलंय."

"ते दिसूनच राह्यलं. येतो म्या जेवाले. पन शिंगं कोन रंगवीन? आन् झूल मापाची शिवजा, मागच्या बारीची तंग होते."

"शिंगं?" मी विचारलं.

मग जे काही फुटलं. पोरं बाकांवर लोळली, मास्तर एकमेकांच्या खांद्यांना हात लावून बघायला लागले, खिडकीतले गावकरी दिसेनासे झाले, कारण ते खाली बसले होते. परब तेवढा माझ्याजवळ आला आणि कानात म्हणाला, "केळकर, अरे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना असं बोलावतात. आत्ताच ती मुलगी सांगत नव्हती का?"

तो हसला असता तर मी त्याला माफ केलं असतं. तो हसला नाही. ते मी अजून विसरलेलो नाही.

जाताना साहेबांनी निकाल सांगितला. "मार्गदर्शक परब. आन् केळकर मास्तर, तुम्हीबी त्याच्यासंगं फिरा."

माझा जीव भांड्यात पडला. निदान बरोबरीने तरी. "मी काय शिकवायचं, साहेब?"

"काही नाही. कसं कराचं ते परब शिकवीन. तुम्ही फकत आजचं सांगा. न विचारता शिकवलं का काय होते, ते लोकाइले समजलं पायजे."

तेव्हापासून मेहकर म्हणू नका, सिंदखेडराजा म्हणू नका, परब आणि मी. तो पाठ घ्यायचा, टाळ्या त्याला. मी किस्सा सांगायचो, हशा मला. एस.टी.त खिडकी पुन्हा त्याचीच, कारण तो मार्गदर्शक.

पुढे मी त्या गावातच रमलो. दर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी किसनराव गोठ्यातून वाटी घेऊन थेट माझ्या दाराशी यायला लागले. "गुरुजी, खांदा करा इकडं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मीही खांदा पुढे करायचो. सवय होते माणसाला. आणि खरं सांगू? त्या गावात मला मिळालेला तो एकच मान होता, जो परबला नव्हता.

एका वर्षी किसनराव आले, वाटीत बोट घातलं, तर तूप-हळद जेमतेम तळाला. मी विचारलं, "एवढीच?"

"परब गुरुजीइकडून आलो नं," ते म्हणाले. "त्याइचे खांदे आधी मळले."

मी म्हणालो तुम्हाला, जळायचो. पण माणूस बैलाच्या मानावरूनही जळू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.