उजव्या हाताचा ग्लोव्ह
दिवाळीआधीचा रविवार, हडपसरचं मैदान. हजर: प्रशिक्षक, आम्ही चार पालक आणि बेसबॉलच्या मुली. संघाची यादी मी लिहीत होते आणि शेवटच्या एका जागेवरून वाद पेटला होता. “अहो, त्या डावखुरीला प्रत्येक सामन्यात खेळवा, तिची फेक बघा!” एक बाबा म्हणाले. डावखुऱ्यांना ग्लोव्ह उजव्या हातात लागतो आणि तसा आमच्याकडे नव्हता. “फेकेल हो, पण झेलणार कशात? ओढणीत?” मी म्हणाले. सगळे हसले आणि त्या जागी मी माझ्या मुलीचं नाव लिहिलं. डावखुरी मुलगी बाकावर जाऊन बसली. पुढच्या रविवारी मी तिच्यासाठी ग्लोव्ह घेऊन गेले, पण ती पुन्हा मैदानावर आलीच नाही. आज कपाट आवरताना चामड्याचा वास आला. ग्लोव्ह अजून कोरा आहे. बिबवेवाडीतला तिचा पत्ता सरावाला येणाऱ्या मुलींच्या जुन्या यादीत आहे. नेऊन देणं तेवढं राहिलं आहे.