मोटारीचे खांदे

आमच्या मुलखात राज्य निजामाचं होतं आणि आमच्या गावात देशमुखांचं. या गावच्या सरकारांनी एका वर्षी मोटार घेतली आणि मोटारीपाठोपाठ मला ठेवून घेतलं. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा. इंग्रजी अमलात, नगरच्या एका मोटार कारखान्यात दीड वर्ष काढून आलो होतो. त्यातलं सव्वा वर्ष चाकं धुण्यात गेलं हे मी मालकांना सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. माझी तिरकी टोपी आणि हातातला पाना एवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

कारखान्यातल्या उस्तादांनी मला एक विद्या मात्र नीट दिली होती. मोटार बाहेर काढण्याआधी रोज सकाळी तिला चार गोष्टी विचारायच्या. पाणी आहे का, तेल आहे का, हवा आहे का, आणि थांबशील का. उस्ताद म्हणायचे, "पहिल्या तिन्हींत चुकलास तर मोटार चालत नाही. चौथ्यात चुकलास तर मोटार चालत राहते, आणि ते जास्त वाईट."

गावात आल्यावर या विद्येचं मी काय केलं ते सांगायला आज मला फार मजा येते. तेव्हा येत नव्हती.

मोटार ठेवायचं छप्पर चावडीसमोर होतं. मी सकाळी दार उघडलं की चावडीवरची मंडळी पानाची चंची घेऊन सरकत सरकत पुढे येऊन बसायची. समोर माणसं बसली की मला राहवत नाही, हा माझा जन्माचा रोग आहे. मी बाह्या सरसावायचो. टोपण उघडून पाण्याच्या टाकीत डोकावायचो आणि डोळे मिटून मान हलवायचो, जणू आतून कुणी गात आहे. तेलाची सळई काढून नाकाशी धरायचो. चाकांवर पान्याने टकटक करून कान लावायचो. शेवटी इंजिनाचा दांडा फिरवून मोटार सुरू केली, की पुढची रांग दचकून मागे सरकायची आणि मागची रांग हसायची. तपासणी संपली की मी मोटारीला हलकेच थोपटायचो. लोक उठून शेताकडे जायचे.

यात चौथा प्रश्न कुठेच नव्हता हे तुमच्या लक्षात आलं असेल. ब्रेक तपासायचा म्हणजे चाकाखाली आडवं व्हायचं, तार ओढून बघायची, मोटार चार हात पुढे नेऊन थांबवायची. आडवं झालेल्या माणसाचे फक्त पाय दिसतात. पायांकडे बघायला कोण येतं?

माझा हा खेळ न बघणारा गावात एकच माणूस होता, तो म्हणजे देशमुखांचा गाडीवान. सगळे त्याला तात्या म्हणत. माझ्या छपरालाच लागून त्याचा गोठा होता आणि त्यात गावातली मानाची बैलजोडी होती. तोही रोज सकाळी तपासणी करायचा, पण तिला कुणी तपासणी म्हणत नव्हतं. बैलाच्या नाकाला बोट लावून ओल आहे का बघायचा, शेणाकडे एक नजर टाकायचा, खूर उचलून खाली ठेवायचा. मग जोडी चार पावलं चालवायचा, "हो" म्हणून थांबवायचा, आणि विडी पेटवायचा. बघायला कावळासुद्धा नसायचा.

आमचं दोघांचं तसं बरं होतं. मोटारीचे पेट्रोलचे डबे जालन्याच्या स्टेशनवरून तात्याच्याच गाडीत यायचे. डबे उतरवताना तो दर खेपेला म्हणायचा, "घे बे. तुज्या घोड्याचा दाना माज्या बैलांनी आनलाय. सांग त्याला." एकदा मात्र तो माझी सकाळची तपासणी पुरती बघत उभा राहिला आणि म्हणाला, "लई नाचतूस. पन गाडीकडं बगतच न्हाईस, मान्सांकडं बगतूस." मी हसण्यावारी नेलं.

उन्हाळ्यात त्याचं बोलणं खरं ठरलं, तेही दोनदा. एका सकाळी बघायला तहशिलीतले पेशकार आले होते. त्यांच्यापुढे मी टाकीचं टोपण उघडून अशी काही मान डोलावली, की आत पाणी आहे की नाही हेच बघायचं राहिलं. अर्ध्या वाटेत मोटारीने तोंडातून वाफ सोडली आणि देशमुख कांद्याच्या गाडीत बसून बीडला तालुकदारसाहेबांच्या भेटीला गेले. महिन्याभरात वडवणीच्या वाटेवर चाक पंक्चर झालं. हवा भरायचा पंप त्या वेळी छपरात, खुंटीवर होता. मालकांनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "दोनदा माझी शोभा झाली. तिसऱ्यांदा झाली, की मोटार विकीन. मग तू बैल हाकशील की नगरला जाशील, ते तू बघ."

नगरला परत जाणं म्हणजे पुन्हा चाकं धुणं. बैल मला येत नव्हते. तेव्हा तिसरी चूक होऊ द्यायची नाही, एवढं मला पक्कं कळलं होतं.

मग पाऊस सुरू झाला. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात मोटार चालत नाही, रुतते. दोन महिने ती छपरात उभी होती. मी रोज पाणी बघायचो, तेल बघायचो, हवा बघायचो आणि या वेळी खरोखर बघायचो. शपथेवर सांगतो. ब्रेक बघितला नाही, कारण जी मोटार चालतच नाही ती थांबते का, हे कशाला विचारायचं?

श्रावण सरत आला, पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे आंबलेले असतात, ते लोणी-हळदीने मळायचे, शेकायचे, आणि बैलांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. तात्या जोडीचे खांदे मळत होता. देशमुखांच्या बाईसाहेब हळदीची वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांची नजर छपरातल्या मोटारीकडे गेली.

"तिनं पण वर्षभर ओझं वाह्यलंय," त्या म्हणाल्या. "तिला उपाशी का ठेवायचं? तात्या, तिचे पण खांदे मळा."

तात्याने लोण्याचा हात तसाच धरून मोटारीला एक फेरी मारली. "मळतो बाईसाब. पन ह्या जनावराचे खांदे कुटं असत्यात?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पन्नास-साठ माणसं जमली होती, हातांत पणत्या होत्या. माझ्यासारख्याने अशा वेळी काय करावं? मी पुढे झालो. घसा साफ केला. बैल पुढून ओढतो म्हणून त्याचे खांदे पुढे, मोटार मागून ढकलते म्हणून तिचे खांदे मागे, असं मी सावकाश, हात हलवत समजावलं. आणि पान्याने मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला नेमकी जागा दाखवली. "हे बघा. सगळा जोर इथे."

लोक "वा" म्हणाले. मी मान लववली. ती लवलेलीच होती तेवढ्यात तात्या गुडघ्यावर बसला.

आता ती जागा कोणती, ते सांगतो. मागच्या प्रत्येक चाकाला आतून लोखंडाचा गोल डबा असतो आणि त्याच्याभोवती पट्टा. पायाखालची पट्टी दाबली की तो पट्टा डब्याला आवळून धरतो आणि चाक थांबतं. याला ब्रेक म्हणतात. तात्या कामाला चोख माणूस होता. त्याने आऱ्यांमधून हात घालून, डबा, पट्टा आणि त्यांच्यामधली फट, सगळं लोणी-हळदीने असं मळलं, की बैलाला हेवा वाटावा. मग बाईसाहेबांनी मोटारीच्या दिव्यांना कुंकू लावलं आणि तिला रीतसर म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मी तेव्हा मागच्या रांगेला भोंग्याची रचना समजावत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी देशमुखांनी हुकूम सोडला की वेशीचं तोरण यंदा मोटार तोडणार. पोळ्याला वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याखालून पहिली जाते ती मानाची जोडी, मग गावचे बाकीचे बैल. म्हणजे तात्याची जोडी यंदा दुसरी. तात्या बैलांच्या शिंगांना बेगड लावत राहिला.

"मोटारीच्या आवाजानं बैल बुजतील," मालक मला म्हणाले. "मारुतीपासून वेशीपर्यंत उतार आहे. इंजिन बंद ठेव, उतारावर सोड, आणि तोरणाखाली थांबव. बाईसाहेब ओवाळतील. मग पुढे." जाता जाता म्हणाले, "तुला आठवतंय ना?"

"आठवतंय, मालक," मी म्हणालो.

मी पाणी बघितलं, तेल बघितलं, हवा बघितली.

गड्यांनी मोटार ढकलत मारुतीपुढे आणून चाकांखाली दगड लावले होते; ते काढून निघालो तेव्हा असा देखावा मी जन्मात केला नव्हता. मोटारीला झूल होती, माळा होत्या. मागच्या बैठकीवर मालक, नव्या शेरवानीत, केशरी फेट्यात. दोन्ही बाजूंना सगळं गाव, मागे तात्याची जोडी, तिच्यामागे गावचे बैल. आणि मोटार आवाज न करता, हंसासारखी उतरत चाललेली. मी एका हाताने लोकांना नमस्कार करत होतो.

वेस वीस हातांवर आली तेव्हा मी पट्टी दाबली. पाय लोण्यात गेल्यासारखा खाली गेला. खरोखरच लोण्यात गेला होता म्हणा. हाताचा ब्रेक ओढला, तर त्याची तार दोन महिन्यांत गंजून एकजीव झालेली. आज मला सुचतं की गिअर टाकायला हवा होता. तेव्हा मला भोंगा वाजवायचं सुचलं.

ओवाळायचं ताट घेऊन पुढे झालेल्या बाईसाहेब चटकन मागे झाल्या, त्यांचं देव भलं करो. मोटारीने तोरण तोडलं, नुसतं तोडलं नाही, गळ्यात घातलं. वेस ओलांडून ती पुढे निघाली. पुढचा उतार सिंदफणेकडे जातो, आणि सिंदफणा तेव्हा दोन्ही थड्या भरून वाहत होती. मागून मालकांचा आवाज आला. ते मला शिव्या देत नव्हते, मारुतीचं नाव घेत होते, हे मला जास्त लागलं. मी हातातलं चक्र डावीकडे फिरवलं. डावीकडे गावचा उकिरडा होता. पावसाने मऊ झालेला, दीड पुरुष उंच. मोटार त्यात दिव्यांपर्यंत शिरली आणि थांबली.

मागे वळून बघायची माझी छाती नव्हती. मला नगर दिसत होतं, नळ दिसत होता, चाकं दिसत होती. गाव वेशीतून धावत आलं आणि उकिरड्याभोवती उभं राहिलं. मालकांच्या फेट्यावर काय होतं ते लिहीत नाही. कुणीतरी पहिलं हसू दाबलं. एकदा ते फुटलं की संपलंच होतं.

तेवढ्यात गर्दीतून तात्या पुढे आला. मागच्या चाकाशी वाकला, बोट लावलं, वास घेतला. आधी बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग उठून उभा राहिला आणि मोटारीला हात जोडले.

"कावून हुबे राह्यलाव बे?" तो लोकांना म्हणाला. "तोरन तोडून मानाचा बैल उकिरड्याला शिंगं लावतो, ते साल लई चांगलं जातं. आमचा आजा सांगायचा. तीन पिढ्यांत कुन्या बैलानं लावली न्हवती. हिनं लावली. वाजवा की."

आपण हे कधीच ऐकलं नव्हतं, असं कबूल करायला गावातला एकही म्हातारा तयार नव्हता. आधी एकाने मान डोलावली, मग दुसरा म्हणाला, हो, आमच्या आज्याच्या तोंडी पण होतं. ताशा वाजला. मालक उकिरड्यातून उतरले ते जयजयकारातच. बाईसाहेबांनी तिथेच ओवाळलं.

संध्याकाळी मालक छपरात आले. तात्या आणि मी चाक काढून बसलो होतो. मालकांनी डब्याला बोट लावलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ब्रेक तपासला होतास?"

मला तात्याकडे बोट दाखवता आलं असतं. पण बोट दाखवण्याचं माझं काम कालच झालं होतं. "नाही, मालक. दोन महिने बघितला नाही. तारही गंजली होती."

"लोनी म्या लावलं, सरकार," तात्या म्हणाला. "पन जागा ह्यानं दावली. निम्मं-निम्मं धरा."

मालकांनी बोट माझ्या फडक्याला पुसलं. मग म्हणाले, "गाव म्हणतं साल चांगलं जाणार. आता शकुनाच्या बैलाचा गाडीवान काढून टाकला, तर गाव मला काय म्हणेल?" दारापर्यंत गेले आणि वळले. "उद्यापासून तुझी तपासणी तात्या घेईल. तुला चालतं का ते मी विचारत नाही."

तात्याने पहिल्याच सकाळी चावडीकडचं दार बंद करायला लावलं. त्याला ना तेलाची सळई कळत होती, ना टाकीचं टोपण. तो मला एवढंच म्हणायचा, "बोट घाल. वल लागली का? दाव." पाण्याला बोट, तेलाला बोट, चाकाला अंगठा. मग मोटार चार हात चालवायला लावायचा आणि स्वतः पुढे उभा राहून म्हणायचा, "हो." त्याच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर मोटार थांबली की तो विडी पेटवायचा. ज्याला ब्रेक रोज असा समोर माणूस उभा करून तपासावा लागतो, तो ब्रेकची तार कधीच गंजू देत नाही. त्या वर्षी मोटार एकदाही वाटेत उभी राहिली नाही.

पुढल्या पोळ्याला मान पुन्हा तात्याच्या जोडीला गेला. जोडीने तोरण तोडलं, आणि मग तिच्यामागे गावचा एकेक बैल रांगेने उकिरड्याशी नेण्यात आला आणि त्याची शिंगं त्यात टेकवण्यात आली. बेगड लावलेली, रंगवलेली शिंगं. तात्या बाजूला उभा राहून माझ्याकडे बघायचं टाळत होता.

आणि आदल्या संध्याकाळी, खांदेमळणीच्या वेळी, देशमुख स्वतः स्टूल घेऊन मोटारीच्या मागच्या चाकाला पाठ लावून बसले होते. वाटीतली हळद संपेपर्यंत ते तिथून उठले नाहीत.